सोसायटी विरुद्ध पाणमांजर

माझे घरमालक मला रोज पहाटे तीनदा पुकारायचे. हाका मारायचे असं मी मुद्दाम म्हणत नाही. हाका कोणीही मारतं. हे अंगणाच्या मधोमध उभे राहायचे, छातीत श्वास भरून घ्यायचे आणि माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, आडनाव, राहणार वरोरा, असा सगळा ऐवज एका दमात म्हणून शेवटी ‘हाजिर होऽऽ’ असा काही सूर लावायचे की समोरच्या चिंचेवरचे बगळे उठायचे. दुसरा पुकारा पहिल्याच्या वरच्या पट्टीत. तिसऱ्या पुकाऱ्यालाही मी दार उघडलं नाही, तर माझ्या वाट्याचा चहा ते स्वतः पिऊन टाकत आणि रिकामी कपबशी माझ्या उंबऱ्यावर उपडी ठेवून जात. उपडी कपबशी म्हणजे एकतर्फी निकाल. त्यावर अपील नव्हतं. मावशींकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे, मी एकदा करून पाहिलं. त्या म्हणाल्या, “उठाचं होतं ना मंग बापा.”

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. गडचिरोली जिल्हा नुकताच चंद्रपुरातून वेगळा निघाला होता आणि मधली हद्द म्हणून वैनगंगा वाहत होती. गोंडपिपरीच्या पुढे, नदीच्या चंद्रपूरकडच्या काठावर एक गाव होतं, तिथे मी पाटबंधारे खात्याचा माणूस म्हणून राहत होतो. नदीतल्या डोहाच्या काठाशी एक खांब रोवलेला, खांबावर आकड्यांची पट्टी रंगवलेली. रोज सकाळी आठ वाजता पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. एवढीच नोकरी. गाव मला ‘पानीवाले बाबू’ म्हणायचं आणि घरमालकांना ‘कोर्टभाऊ’.

कोर्टभाऊंनी तीस वर्षं एका कोर्टाच्या दाराशी काढली होती. वकील नव्हे, कारकूनही नव्हे. लाल पट्टा छातीवर तिरपा घालून दाराबाहेर उभं राहायचं आणि पक्षकारांना पुकारायचं. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा पट्टा सरकारजमा झाला, म्हणून त्यांनी मावशींच्या जुन्या लुगड्याचा नवा शिवून घेतला. आत काय चालतं ते त्यांनी तीस वर्षं दाराच्या फटीतून ऐकलं होतं, आणि माझं प्रामाणिक मत आहे की आत बसलेल्यांपेक्षा त्यांना ते जास्त कळलं होतं. भाजीत मीठ जास्त पडलं की ते ताट पुढे सरकवून म्हणत, “फिर्यादीची तक्रार आहे.” मावशी म्हणत, “फेटाळली.” ते ताट पुन्हा ओढून घेत. कोणी कोणाबद्दल काही वाईट बोललं की लगेच हात वर करत. “त्याचं म्हननं ऐकलं का? नाई ना? मंग थांब. ऐकल्याशिवाय सजा नाई. दारात उभा राहून एवढंच शिकलो मी.”

त्यांचं दुसरं वेड मासेमारीचं.

गावात ढिवरांची बावीस घरं होती. त्यांची मच्छीमारांची सोसायटी होती आणि सोसायटीचा जीव त्या डोहात होता. महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा आटोपली की वैनगंगा आटायला लागते. बाकी पात्रात वाळू उरते, पण आमच्या गावापाशी खडकांच्या मध्ये पाणी खोल साठून राहतं, आणि वरखालचे सगळे मासे तिथे गोळा होतात. संध्याकाळी जाळी आडवी लावून ठेवायची, उजाडल्यावर डोंगा, म्हणजे लाकडी होडी, घेऊन उचलायची. बावीस घरांचा उन्हाळा असा निघायचा.

कोर्टभाऊ ढिवर नव्हते. त्यांचं घर वरच्या आळीत. पण निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी जाहीर केलं होतं की आता उरलेलं आयुष्य गरी टाकून मासे धरण्यात घालवणार. बांबूची काठी, दोरी, गरी म्हणजे लोखंडी आकडा आणि डब्यात गांडुळं, हा मुद्देमाल घेऊन, माझा पुकारा आटोपून, ते उजाडायच्या आत नदीवर जात. मी आठच्या मोजणीसाठी उतार उतरायला लागलो की ते वर येताना भेटत. हातात दोरीला लटकवलेला रोहू, चांगला हातभर लांब. आठवड्यातून चार दिवस तरी.

“गावला?” मी विचारायचा.

“गावला नाई बाबू, हाजिर झाला,” ते म्हणायचे. “मासा म्हनजे पक्षकार. त्याले घाई करायची नाई. आज नाई आला तं तारीख द्याची.”

मग दुपारी जेवताना त्या माशाची कैफियत. तो पहिल्यांदा गांडुळाजवळ कसा आला, परत कसा गेला, दोरी कशी ताणली, पाऊण तास कशी झुंज झाली. घास हातात धरून ते मासा व्हायचे, पाणी व्हायचे, काठीही व्हायचे. मावशी कालवण वाढत ऐकत असायच्या. तीन वर्षांपूर्वी पहिला मासा घरी आला त्या दिवशीची गोष्ट तर मी निदान वीस वेळा ऐकली आहे, आणि वीस वेळा तो मासा थोडा थोडा वाढला आहे. मी एकदा म्हटलं, भाऊ, मला न्या ना सोबत, बघू द्या. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “मासा लाजते. परका मानूस पाह्यला का बयान बदलते.”

मी नदीची पातळी सेंटिमीटरमध्ये मोजणारा माणूस. मला हे पटलं.

त्या वर्षी जत्रा झाली आणि आठवड्याभरात डोहात पाणमांजर आली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, तिचा मांजराशी काही संबंध नाही. मुंगसाला कुत्र्याएवढं करून त्याला पोहायला शिकवावं, तसा प्राणी. सोबत तीन पिल्लं. गडचिरोलीच्या काठाला कपारीत त्यांचं बीळ होतं आणि जेवायला ती अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात येत. आपसात शिट्ट्या मारत, खडकावर लोळत, एकमेकांच्या अंगावरून घसरत. माझ्या खांबाला ती आई पाठ घासायची. माझ्या वहीत त्या महिन्यात ‘पट्टीवरील चार ते सहा आकडे पुसट’ अशी नोंद आहे, त्याचं कारण हे.

सोसायटीच्या जाळ्यांना भोकं पडायला लागली. सकाळी जाळं वर घ्यावं तर त्यात नुसती माशांची मुंडकी, बाकीचं धड खाऊन टाकलेलं. सोसायटीचा अध्यक्ष लहानू हा तिशीतला, कष्टाळू, जरा तापट माणूस. तो फाटकं जाळं खांद्यावर टाकून चावडीसमोर उभा राहिला.

“मेहनत आमची आन पंगत त्याइची! पावसाळ्याले अजून तीन महिने आहेत. तवरिक आमी काय वाळू खाऊ का?”

त्यात खोटं काही नव्हतं. पहिला उपाय म्हणून सोसायटीने जिल्ह्याच्या एका कचेरीकडे अर्ज पाठवायचं ठरवलं, आणि तो लिहिण्याचा मान अर्थातच कोर्टभाऊंना मिळाला. ‘पाणमांजरांमुळे होणाऱ्या नुकसानीबाबत’ असा विषय, खाली दीड पान. वीस दिवसांनी उत्तर आलं. कचेरीत कुणीतरी ‘पाणमांजर’ हा शब्द चुकलेला आहे असं समजून तो सुधारला होता. उत्तरात लिहिलं होतं की, सदर पाळीव मांजरांच्या मालकांचा शोध घेऊन त्यांना योग्य ती समज देण्यात यावी व मांजरे घरी बांधून ठेवण्यास सांगावे.

लहानूने ते पत्र तीनदा वाचून घेतलं. “मालक कोन म्हने?”

“मालक वैनगंगा,” कोर्टभाऊ गंभीरपणे म्हणाले. “तिले समज द्या लागन. पन हद्दीचाही मुद्दा आहे, लहानू. आरोपी राह्यते गडचिरोलीत, गुन्हा करते चंद्रपुरात. दोन जिल्ह्याचं प्रकरण हाय हे. वेळ लागन.”

लहानूला वेळ नव्हता. वरोऱ्याकडे त्याच्या बहिणीच्या घरी कापसावर फवारायचं औषध होतं. ती बाटली त्याने आणली. माशांना लावून खडकांवर ठेवायचं, पाणमांजरी खातील, विषय संपला.

ही बातमी दुपारी आमच्या अंगणात पोचली तेव्हा कोर्टभाऊ काठी तासत बसले होते. त्यांनी काठी खाली ठेवली, लुगड्याचा पट्टा छातीवर चढवला आणि भर उन्हात ढिवरांच्या आळीकडे निघाले. मागोमाग मी.

“लहानू,” दारातूनच ते म्हणाले, “आरोपीचं म्हननं ऐकलं का?”

“कोनाचं?”

“पानमांजरीचं.”

लहानूने माझ्याकडे पाहिलं. याला ऊन लागलंय का, असा त्या बघण्याचा अर्थ होता. “भाऊ, ते जनावर हाय.”

“मंग तं आनखीनच ऐकलं पायजे. त्याच्याकडून बोलनारं कोनी नाई. आन ती बाटली पान्यात सांडली तं? हे बाबू खाली उतरून काय मोजतीन, पानी का औषध? मी आठ दिवसाची स्थगिती देतो. आठ दिवसांनी सुनावनी. निकाल विरुद्ध गेला तं बाटली मी स्वतः खडकावर नेऊन देतो.”

लहानू ‘नाही’ म्हणण्याच्या बेतात होता, पण घरातून त्याची आई बाहेर आली. सरूबाई. सत्तरीची, काटक, पन्नास वर्षं डोक्यावर टोपली घेऊन आठवडी बाजारात मासे विकलेली. मासा बघून तो कुठल्या पाण्यातला, किती वेळापूर्वीचा, हे ती सांगायची. ती कोर्टभाऊंकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “देऊन टाक रे आठ दिवस. कोर्टभाऊ सुनावनी करतो म्हनते, तं होऊन जाऊ दे. मले पन एकदा साक्ष द्याची हाय.”

पुढचे आठ दिवस मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या दिवशी समन्स निघालं. मजकूर मी लिहिला, माझ्या खात्याच्या कागदावर, देव मला क्षमा करो. आरोपी सापडत नसल्यास समन्स राहत्या जागी चिकटवायचं असतं, असं भाऊ म्हणाले. म्हणून डोंग्यातून पलीकडे जाऊन भाताच्या खळीने आम्ही तो कागद बिळाजवळच्या खडकाला चिकटवला. दुसऱ्या दिवशी पाणमांजर आली, तिने कागद हुंगला आणि पाठ फिरवून त्यावर जे करायचं ते केलं.

“पोच मिळाली,” भाऊ समाधानाने म्हणाले.

मग पंचनामा. पाणमांजरी ठरलेल्या एका खडकावरच विष्ठा टाकतात. पंच म्हणून भाऊंनी लहानूला बसवलं, नाकाला फडकं बांधून. काडीने ते सगळं उकरलं. खेकड्यांची कवचं निघाली, पुष्कळ. झिंग्यांच्या मिशा. बारक्या माशांचे काटे. आणि रोहूचे मोठे खवलेही निघाले, तेव्हा लहानू ओरडला, “हे पाहा!” मला वाटलं भाऊ आता काहीतरी पळवाट काढतील. पण ते म्हणाले, “लिवा बाबू. रोहूचे खवले, मोठे, सात. जे हाय ते हाय.”

सुनावणी रविवारी सकाळी डोहाच्या वाळूत भरली. सगळं गाव आलं होतं. वरच्या आळीतलेही आले, कारण फुकटचा तमाशा. कोर्टभाऊ एका उंच खडकावर बसले. न्यायाधीश तेच, आरोपीचे वकीलही तेच आणि पट्टेवालाही तेच, कारण गावात दुसरा जाणकार नव्हता. मी खाली वाळूत, मांडीवर पाणीपातळीची वही उलटी धरून. मावशी बायकांमध्ये मागे बसल्या होत्या.

भाऊ खडकावर उभे राहिले. “पानमांजर! बापाचं नाव मालूम नाई! राहनार गडचिरोली जिल्हा, हल्ली मुक्काम मोठा डोह! हाजिर होऽऽ!”

तिसऱ्या पुकाऱ्याला डोहाच्या मध्यावर चार काळी डोकी पाण्याबाहेर आली. एक मोठं, तीन लहान. आवाजाकडे माना उंच करून बघायला लागली. सगळं गाव असं हसलं की पलीकडच्या काठावरची गुरं बिचकली. हसला नाही तो फक्त लहानू.

तो फाटकं जाळं घेऊन पुढे आला आणि चांगलं बोलला. जाळ्यातली भोकं दाखवली. चावलेली मुंडकी दाखवली. “हे मी सहन केलं असतं,” तो म्हणाला. “जाळं शिवता येते. नुकसान होते, पन शिवता येते. माहा राग या भोकाचा नाई. माहा राग दुसराच हाय. जाळ्यातला सगळ्यात मोठा मासा जाते. यंदा रातच्याले चक्कर मारली तवा समजलं, रात्री अडकलेला असते, सकाळी नाई. आठवड्यातून चारदा. अख्खा जाते. मुंडकं नाई, काटा नाई, खवला नाई. आन जाळ्याले एक भोक नाई! तीन उन्हाळे झाले. आमी समजलो मासाच लागत नाई, डोह संपला. दोन घरं डोह सोडून बल्लारशाले कामाले गेली. आता समजलं, ही अवदसा निवडून निवडून नेते. हिले नाई मारलं तं पुढच्या उन्हाळ्यात सोसायटी राहत नाई.”

लोक हसायचे थांबले होते. मी लिहिता लिहिता वर पाहिलं. भाऊ आरोपीच्या बाजूने उलटतपासणी घेतील असं मला वाटलं. मुद्दा साधा होता, मलासुद्धा सुचला: पाणमांजर तर यंदा आली! पण तो भाऊंनी मांडलाच नाही. ते खडकावर बसून पट्टा बोटांनी चाचपत होते.

“साक्षीदार,” शेवटी ते म्हणाले. पुकारलं नाही. नुसतं म्हणाले.

सरूबाई उठली. तिने नदीचं पाणी ओंजळीत घेऊन शपथ घेतली. ती भाऊंकडे बघत नव्हती, डोहाकडे बघून बोलत होती.

“पानमांजर यंदा आली. मोठा मासा तीन उन्हाळ्यापासून जाते. तं मोठा मासा तिनं नाई नेला. हे एक. दुसरं. गरीनं धरलेल्या माशाचं ओठ फाटते. आकडा लागते ना तिथी. आन जाळ्यातला मासा डोकं घालून अडकते, तं त्याच्या कल्ल्याच्या मागं दोरीचा वळ पडते. गळ्यात ताईत बांधल्यासारखा. बाजारात पन्नास वर्षं मी मासे पाह्यले. गरीचा कोनता, जाळ्याचा कोनता, दुरून सांगतो.” तिने ओला हात पदराला पुसला. “मी रोज सकाळी टोपली घेऊन त्या उतारानं येतो.”

बस, एवढंच. उतार एकच होता. त्या उताराने मी जायचो, सरूबाई यायची आणि आणखी एक माणूस यायचा.

“आई, नीट सांग ना,” लहानू म्हणाला. “असा मासा कोनाच्या हातात पाह्यला?”

“मले कोर्ट विचारन तं सांगीन. शपथ घेतली हाय. विचारते का कोर्ट?”

आता ती भाऊंकडे बघत होती. खरं सांगतो, तिच्या डोळ्यांत राग नव्हता. वाट बघणं होतं. भाऊंनी ‘साक्षीदार खाली बसा’ म्हटलं असतं तर ती बसली असती, हे मला आजही वाटतं. तिने तीन वर्षं ते पोटात ठेवलंच होतं. मग बाटली उघडली असती, डोहावर त्या शिट्ट्या ऐकू आल्या नसत्या आणि भाऊ दुपारी मला पुढच्या माशाची कैफियत ऐकवू शकले असते.

त्यांनी पट्टा डोक्यावरून काढला. खडकावरून उतरले. उतरताना पाय घसरला, कोणीतरी हात दिला. पाण्याच्या काठाशी, त्या चार डोक्यांच्या बाजूला जाऊन ते आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. बगळे उडवणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. मागच्या बायकांना ऐकूसुद्धा आलं नाही, पुढच्यांनी त्यांना मागे सांगावं लागलं.

“तो मी,” ते म्हणाले. “मोठे मासे म्या नेले.”

माझी पेन्सिल थांबली होती.

“लिवा बाबू. महिनाभर बसलो होतो तेव्हा पहिल्यांदा. एक गावला नाई. लोक इचारत, काय भाऊ, आज काय? मी म्हनो, तारीख. एक दिवस सोसायटीच्या जाळ्यात हा एवढा रोहू दिसला, काठाजवळच. काढला. घरी नेला तं हिनं…” त्यांनी मागे मावशींकडे पाहिलं. “तीस वर्षात मी घरी कधी असं काई आनलं नोतं, का शेजारच्या बायाइले बोलावून दाखवावं. हिनं बोलावलं. मंग दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं कसं जाऊ?”

“म्हनजे गरीनं एक बी नाई?” गर्दीतून कोणीतरी विचारलं.

“एक बी नाई.”

तीन वर्षांतल्या कैफियती माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. ती झुंज, तो ताण, तो पाऊण तास! माणूस इतकी कल्पनाशक्ती घेऊन दाराबाहेर उभा होता!

लहानू मात्र भडकला होता. “भाऊ, आमची दोन घरं गेली! मी त्या पिल्लाइले औषध घालत होतो! तुमच्या जिभेसाठी!”

“हो.”

“आन या बाबूनं बी खाल्ले असतीन!”

मी वही मिटली. आमच्याच घरात ताटं दोन नव्हे, तीन वाढली जात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. काही गुन्ह्यांत आरोपीपेक्षा लाभार्थीच जाड होतो.

“आता निकाल कोन देईन?” एकाने विचारलं. खडक रिकामा होता. सरूबाई चढली आणि त्यावर जाऊन बसली, टोपली मांडीवर घेऊन.

“पानमांजरीनं जाळं फाडलं, ते खरं हाय. पन ते तिच्या पोटाचं हाय. आजपासून त्या कपारीकडे जाळं लावाचं नाई. बाकीची पहाटेच उचलाची, उजाडायची वाट पाहाची नाई. लहानू, ती बाटली बहिनीले परत कर. आन कोर्टभाऊ.” ती भाऊंकडे वळली. “तुमी जाळ्यातून मासा काढता तं एक डोरा तुटत नाई, एक गाठ ढिली होत नाई. तीन वर्षं माह्या पोराले समजलं नाई. आमच्या बावीस घरांत असा हात कोनाचा नाई. उद्यापासून पहाटे डोंग्यावर या. मासे काढा. जाळं टाकनं, शिवनं, सगळं शिका. ही सजा.”

“कितीक दिवस?” भाऊंनी विचारलं.

“म्या थोडीच तुमच्यासारखी कोर्टात होती? मले नाई मालूम. या.”

त्या दुपारी घरी वरण-भात होता. कैफियत नव्हती. जेवण संपत आलं तेव्हा मावशी म्हणाल्या, “शेजारच्या बायाइले बोलावलं, ते मी माशासाठी नाई बोलावलं. तुमी तीस वर्षानं पहिल्यांदा दिवसा घरी होते म्हनून बोलावलं.” भाऊंनी ताटातलं वरण पुसून पुसून खाल्लं. मीही खाली बघून तेच केलं.

दुसऱ्या दिवसापासून ते जायला लागले. पहिले काही दिवस डोंग्यावर कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. डोंगा हलला की ते बाजूला धरून बसायचे आणि पोरं हळूच आणखी हलवायची. जाळं टाकताना दोनदा स्वतःच त्यात अडकले. पण मासा काढायची वेळ आली की सगळे हात थांबवून बघत. दोन बोटं कल्ल्यापाशी, एक अंगठा डोक्यावर, हलकेच मागे, आणि मासा जाळ्यातून सुटा. जाळं जसंच्या तसं. लहानूने पंधरा दिवसांनी स्वतःच्या हाताने त्यांना सुई दिली आणि शिवायला शिकवलं. भाऊ शिकले, पण हळू. एक जाळं त्यांनी चार दुपारी बसून पूर्ण केलं. आमच्या अंगणात ते पसरून मला प्रत्येक गाठ दाखवली, आणि या वेळी मी प्रत्येक गाठ मोजली.

ते जाळं डोहात लावलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी मोजणीला उतरलो तेव्हा डोंगा काठाला लागत होता. भाऊ पुढच्या टोकाला उभे होते. हातात ते चार दुपारींचं जाळं. मधोमध घागर जाईल एवढं भोक. पाण्यात पंधरा हातांवर ती पाणमांजर उताणी पोहत होती, छातीवर रोहू धरून, सावकाश खात.

भाऊंच्या तोंडून जे शब्द निघाले ते कुठल्याही कोर्टात चालले नसते. मी इथे लिहीत नाही. तिच्या आईपासून सुरुवात होती एवढं सांगतो. मग ते वळले आणि गळा फाडून ओरडले, “लहानू! पाह्य ना बे! आपलं जाळं फाडलं तिनं!”

लहानू डोंग्यातलं पाणी उपसत होता. तो थांबला.

“कोनाचं?”

“आपलं! दिसत नाई का तुले? आपलं!”

लहानूने हातातलं टमरेल खाली ठेवलं. डोंग्यातली बाकीची माणसं त्याच्या तोंडाकडे बघायला लागली. त्याने कनवटीला खोचलेली सुई काढली, दोऱ्याचं बंडल काढलं आणि दोन्ही भाऊंच्या पुढ्यात धरलं.

“आपलं फाटलं तं आपनच शिवाचं,” तो म्हणाला. “बसा खाली.”